कोरडी पिशवी

मराठीत लघवी तुंबते, अडते, कोंडते. तिन्ही क्रियापदांत एकच गृहीत आहे: लघवी आत आहे, फक्त बाहेर यायची वाट बंद झाली आहे. ती आत तयारच होत नसेल तर काय म्हणायचं, यासाठी रोजच्या बोलण्यात आपल्याकडे शब्द नाही.

या नसलेल्या शब्दापायी माझ्या मावशीचा दीड दिवस गेला. दोन दिवस जुलाब-उलट्या झालेल्या, त्यात अंगदुखीवर वेदनाशामक इंजेक्शन घेतलेलं, आणि तिसऱ्या दिवशी सकाळपासून लघवी नाही. घरात सगळे म्हणाले, तुंबली असेल. गावातल्या दवाखान्यात नळी घातली, खाली पिशवी लावली. पिशवीत थेंब आला नाही. तुंबलेलं काही नाही म्हटल्यावर उलट सगळ्यांना हायसं वाटलं. पाणी पाजा, होईल, असं ठरलं. दुसऱ्या दिवशी दुपारी जिल्ह्याच्या गावी किडनीच्या डॉक्टरांनी विचारलं, ‘‘पिशवी कोरडी दिसली, तेव्हाच का नाही आणलंत?’’ मावशी वाचली, पण त्याआधी पाच वेळा डायलिसिस करावं लागलं. तो प्रश्न मात्र माझ्या मनातून गेला नाही. कोरडी पिशवी हे धोक्याचं चिन्ह आहे, हे वैद्यकाला कधी कळलं? आणि कळल्यावर ते आपल्या दवाखान्यापर्यंत का पोचलं नाही? हा मागोवा त्यातूनच सुरू झाला.

शोधायला लागल्यावर पहिली चकित करणारी गोष्ट जुन्या ग्रंथातच सापडली. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मूत्राघाताचे १२ प्रकार सांगितले आहेत. बहुतेकांत वाटेत अडथळा आहे: वात कोंडतो, गाठ येते, ओटीपोट फुगतं. त्यांच्यातच एक ‘मूत्रक्षय’ आहे. तो होतो रूक्ष, थकलेल्या शरीराच्या माणसाला. आजचा आजार त्या शब्दात जसाच्या तसा बसवायचा मोह मी टाळतो, कारण ग्रंथकारांची शरीराची कल्पनाच वेगळी होती. पण अडलेली लघवी आणि आटलेली लघवी या दोन गोष्टी आहेत, हे कुणीतरी बघितलं होतं, त्यांना वेगळी नावं दिली होती. ‘तुंबणं’ बोलण्यात टिकलं, ‘क्षय’ शब्द दुसऱ्याच रोगाने घेतला.

ग्रीक परंपरेत हाच भेद दुसऱ्या शतकात गॅलेनने केला, तोही हाताने. लघवी होत नसलेल्या माणसाचं ओटीपोट चाचपायचं. मूत्राशय भरलेलं लागलं तर दोष खाली, रिकामं लागलं तर दोष वर. आजही पहिली तपासणी हीच आहे, फक्त हाताच्या जोडीला सोनोग्राफी आली. १८०२ साली विल्यम हेबर्डन यांच्या ग्रंथात या दुसऱ्या अवस्थेला ‘इस्क्युरिया रेनॅलिस’ असं नाव आढळतं. म्हणजे मूत्रपिंडापासूनच थांबलेली लघवी. नाव मिळालं, उपाय नव्हता.

त्यानंतर लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमध्ये एक घटना घडली, तिच्याकडे इतिहासकारांचं पुरेसं लक्ष जात नाही असं मला वाटतं. रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ साली सूज, लघवीतून जाणारं अल्ब्युमिन आणि शवविच्छेदनात दिसणारी बिघडलेली मूत्रपिंडं यांचा संबंध दाखवला, हे सगळ्यांना माहीत असतं. पण १८४२ मध्ये त्यांनी रुग्णालयाकडून दोन वॉर्ड मागून घेतले. २४ खाटा पुरुषांच्या, १८ स्त्रियांच्या, आणि लागूनच लघवी तपासायची छोटी प्रयोगशाळा. सहा महिने तिथे फक्त मूत्रपिंडाचे रुग्ण ठेवले. बरं करायला त्यांच्याकडे फारसं काही नव्हतं. तरी एका आजाराची माणसं एका ठिकाणी, एकाच सरावलेल्या नजरेखाली आणावीत, ही कल्पना तिथून निघाली. तज्ज्ञांकडे वेळेवर जाण्याच्या गोष्टीतलं पहिलं घर मी तेच मानतो.

१८८६ मध्ये क्योनिग्सबर्गच्या माक्स याफे यांना दिसलं, की क्रिएटिनिनमध्ये पिक्रिक आम्ल आणि अल्कली घातली की केशरी-लाल रंग येतो. आपण आज ज्या आकड्याची धास्ती घेतो तो पुढे याच रंगावरून मोजला जाऊ लागला. त्या आकड्याची एक खोड मात्र तेव्हापासून गेलेली नाही: तो उशिरा चढतो. मूत्रपिंडं आज सकाळी बंद पडली तरी रक्तात क्रिएटिनिन साचून आकडा डोळ्यांत भरण्याइतका मोठा व्हायला एक-दोन दिवस लागतात. लघवी त्याच्या आधी सांगते.

आता या गोष्टीच्या मधोमध येऊ. सप्टेंबर १९४० ते मे १९४१ लंडनवर बॉम्ब पडत होते. ढिगाऱ्याखाली तासन् तास पाय अडकलेली माणसं बाहेर काढून हॅमरस्मिथ हॉस्पिटलमध्ये आणत. एरिक बायवॉटर्स या तरुण डॉक्टरला त्यांच्यात एक विचित्र क्रम दिसला. माणूस येतो तेव्हा बरा वाटतो, बोलतो. मग पाय सुजतो, रक्तदाब पडतो. रक्त-सलाईन दिल्यावर तो सावरतो, नातेवाईक निश्चिंत होतात. आणि मग लघवी कमी होऊ लागते. जी होते ती गडद, तपकिरी. आठवडाभरात माणूस दगावतो. बायवॉटर्स आणि डेस्मंड बील यांनी अशा चार रुग्णांची हकिगत मार्च १९४१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापली. चौघेही मेले होते. मेसिनाच्या १९०८ च्या भूकंपानंतर आणि पहिल्या महायुद्धात जर्मन डॉक्टरांनी असंच काही पाहिलं होतं, पण ते लंडनपर्यंत पोचलं नव्हतं.

या चार हकिगती वाचताना जाणवतं ते त्यातलं मोजणं. किती लघवी झाली, तिचा रंग काय, रक्तात युरिया किती, पोटॅशियम किती, सगळं दिवसागणिक टिपलेलं. त्यातून कारणही हळूहळू उलगडलं. चिरडलेल्या स्नायूतलं मायोग्लोबिन रक्तात उतरतं, मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नळ्यांत साकळतं आणि त्या मरतात. त्याच स्नायूतलं पोटॅशियम रक्तात वाढतं आणि हृदय थांबवतं. पुढच्या काही वर्षांत बायवॉटर्स यांचा सल्ला स्पष्ट झाला: माणूस ढिगाऱ्यातून निघतो त्याच घटकेला द्रव सुरू करा, रुग्णालयाची वाट पाहू नका. तो सल्ला खरा होता हे पुरतं सिद्ध व्हायला चार दशकं गेली. नोव्हेंबर १९८२ मध्ये लेबनॉनच्या टायर शहरात एक इमारत कोसळली. ओरी बेटर आणि त्यांच्या इस्रायली सहकाऱ्यांनी नोंदवलेल्या सात जखमींना बाहेर काढता काढताच सलाईन लावलं होतं. सातांपैकी एकाचंही मूत्रपिंड बंद पडलं नाही.

त्याच महायुद्धात जर्मनव्याप्त हॉलंडमधल्या काम्पन गावी व्हिलेम कोल्फ नावाचा डॉक्टर लाकडी पट्ट्यांचा एक पिंप बनवत होता. त्यावर सॉसेजच्या आवरणाला वापरतात ती सेलोफेनची नळी गुंडाळायची, तिच्यातून रुग्णाचं रक्त फिरवायचं, आणि पिंप खाली मिठाच्या पाण्याच्या टबात फिरत ठेवायचा. गावातल्या इनॅमलच्या भांड्यांच्या कारखान्याचे संचालक हेंड्रिक बेर्क यांनी मदत केली. मार्च १९४३ मध्ये पहिला रुग्ण या यंत्राला जोडला. पहिल्या १६ पैकी १५ जण दगावले, आणि जो एक वाचला तो यंत्रामुळेच वाचला असं कोल्फ यांनाही छातीठोक म्हणता येत नव्हतं.

१७ वी रुग्ण ६७ वर्षांची सोफिया शाफस्टाट. सप्टेंबर १९४५. युद्ध संपलं होतं आणि नाझींना साथ दिल्याबद्दल ती कैदेत होती. गावाला तिच्याबद्दल प्रेम असायचं कारण नव्हतं. तिची लघवी थांबली होती, ती बेशुद्ध होती. साडेअकरा तास यंत्र चाललं आणि ती शुद्धीवर आली. काही दिवसांत तिची स्वतःची मूत्रपिंडं पुन्हा काम करू लागली. त्यानंतर ती सहा वर्षं जगली.

कोल्फ यांना यंत्राची कल्पना सुचली ती १९३८ साली ग्रोनिंगनमध्ये, जुनाट मूत्रपिंडविकाराने मरणाऱ्या एका २२ वर्षांच्या शेतकरी मुलाकडे पाहून. पण यंत्राने पहिल्यांदा वाचवली ती अचानक बंद पडलेल्या मूत्रपिंडाची बाई. यात योगायोग नव्हता. जुनाट रोगात मूत्रपिंड कायमचं गेलेलं असतं. अचानकच्या आघातात त्याच्या पेशी पुन्हा उगवू शकतात. माणसाला तेवढे दिवस तगवून धरायचं असतं, इतकंच. आज डायलिसिस म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे आठवड्यातून तीनदा जन्मभराची वारी येते, आणि त्या भीतीने कित्येक घरं किडनीच्या डॉक्टरकडे जायचंच टाळतात. या यंत्राचा जन्म परत घरी पाठवण्यासाठी झाला होता, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं.

कोल्फ यांनी युद्धानंतर आपली यंत्रं परदेशी फुकट पाठवली. एक हॅमरस्मिथलाच गेलं. आणि तिथे जे झालं ते मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत शिकण्यासारखं पान वाटतं. हॅमरस्मिथच्या डॉक्टरांनी यंत्र वापरून पाहिलं आणि काही काळाने बाजूला ठेवलं. १९४९ मध्ये ग्रॅहम बुल आणि सहकाऱ्यांनी लॅन्सेटमध्ये दुसरीच पद्धत मांडली: ग्लुकोज आणि शेंगदाणा तेल घोटून नाकातल्या नळीने पोटात द्यायचं. प्रथिनं बंद, मीठ बंद, पोटॅशियम बंद. पाणी द्यायचं ते शरीरातून जेवढं बाहेर गेलं तेवढंच, मोजून. अ‍ॅमस्टरडॅममध्ये बोर्स्ट लोणी-साखरेवर हेच करत होते. तोवर लघवी यावी म्हणून रुग्णाला बाटल्यांवर बाटल्या सलाईन चढवायची रीत होती. लघवी येत नसे, पाणी फुप्फुसात साठून माणूस बुडून मरे. बुल यांनी ते थांबवलं आणि मृत्यू कमी झाले. यंत्राविना.

यंत्र की आहार यावर पुढे बराच वाद झाला. मला त्या वादापेक्षा दोन्हींतली सामाईक गोष्ट महत्त्वाची वाटते. दोन्हीकडे एक माणूस खाटेशी बसून आत किती गेलं, बाहेर किती आलं याचा हिशेब ठेवत होता. वॉर्डात आज त्याला ‘इनटेक-आउटपुट चार्ट’ म्हणतात. तो कित्येकदा कोरा असतो.

कोरियाच्या युद्धात वादाचा निकाल बराचसा लागला. जखमी सैनिकांची लघवी बंद झाली की १०० पैकी ८० ते ९० दगावत. एप्रिल १९५२ मध्ये अमेरिकी सैन्याने वोंजू इथल्या ११ व्या इव्हॅक्युएशन हॉस्पिटलमध्ये मूत्रपिंडासाठी खास केंद्र उघडलं. बोस्टनच्या ब्रिगम रुग्णालयात सुधारलेलं कोल्फ यांचं यंत्र तिथे नेलं, पोटॅशियम मोजायची सोय केली, आणि आघाडीवरून हेलिकॉप्टरने रुग्ण आणायला सुरुवात झाली. मृत्यूचं प्रमाण सुमारे ५३ टक्क्यांवर आलं. पुढे व्हिएतनाममध्ये जखमींना आणखी लवकर उचललं जाऊ लागलं, तेव्हा गंभीर जखमींत मूत्रपिंड बंद पडण्याचं प्रमाणच कोरियाच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश झालं. वोंजूला काम केलेल्या पॉल टेशन यांनी १९६० मध्ये आणखी पुढे जाऊन मांडलं, की रुग्ण खालावायची वाट न पाहता आधीच डायलिसिस करावं. ‘लवकर’ हा शब्द इथे यंत्राला चिकटला. तो पुढे साठ वर्षं चिकटून राहिला.

त्याच १९६० मध्ये सिएटलला बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हाताच्या रक्तवाहिन्यांत कायम राहू शकणारी टेफ्लॉनची नळी बसवली आणि जुनाट रुग्णांना वर्षानुवर्षं जगवता येऊ लागलं. ती मोठीच देणगी. पण त्यानंतर किडनीचे डॉक्टर, खाटा, पैसा हे सारं जुनाट रोगाभोवती जमलं. आजही आपल्याकडे डायलिसिस सेंटर म्हणजे ठरलेल्या रुग्णांची ठरलेली पाळी. रात्री दोन वाजता घोणस चावलेला शेतमजूर आला तर त्याच्यासाठी खुर्ची मोकळी असेलच असं नाही.

भारतात या आजाराचा चेहरा लंडनपेक्षा वेगळा होता. चंदीगडच्या पीजीआयमध्ये डॉ. के. एस. चुघ यांनी १९६० च्या दशकापासून अशा रुग्णांची नोंद ठेवली. देशातल्या नेफ्रॉलॉजीचे जनक म्हणून त्यांचं नाव घेतात. त्यांच्याकडे येत होते ते जुलाब-उलट्यांनी सुकलेले, साप चावलेले, मोरचूद प्यालेले. आणि बायका. चोरून केलेल्या गर्भपातातून जंतुसंसर्ग झालेल्या, बाळंतपणात रक्तस्राव झालेल्या. सुरुवातीच्या दशकात त्यांच्या रुग्णांतला पाचव्या हिश्श्याहून मोठा भाग या बायकांचा होता. १९८० च्या दशकात तो १० टक्क्यांच्या आत आला. मधल्या काळात बाळंतपणं रुग्णालयात होऊ लागली होती आणि १९७१ चा गर्भपाताचा कायदा झाला होता. तो कायदा ज्या समितीच्या अहवालातून आला तिचे अध्यक्ष शांतिलाल शाह, महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री. किती बायकांची मूत्रपिंडं त्या कायद्याने वाचवली याचा हिशेब कुणी मांडत नाही.

तसंच ओआरएसचं. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपात कालवून पटकीचे रुग्ण वाचवले. पटकीत माणूस मरतो तो शरीरातलं पाणी संपून, आणि त्या वाटेवर मूत्रपिंडं आधीच बंद पडलेली असतात. मूत्रपिंडाला रक्त कमी पडू लागल्यापासून त्याच्या पेशी मरायला लागेपर्यंत काही तास मिळतात. त्या तासांत पाणी पुरतं. नंतर तेच पाणी विष होतं. बुल यांनी थांबवलेल्या बाटल्या आठवा. आधी पाणी द्यायचं आणि मग थांबवायचं, हा फरक वरून दिसत नाही. तो ओळखायलाच सरावलेली नजर लागते.

मुंबईने या आजाराचं सर्वांत भीषण रूप १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत पाहिलं. जे. जे. रुग्णालयात डोळ्यातला आणि मेंदूतला दाब कमी करण्यासाठी रुग्णांना ग्लिसरीन देत. बरे होऊन घरी जायचे ते रुग्ण एकामागून एक लघवी बंद होऊन दगावू लागले. १४ जण गेले. ग्लिसरीन औषधी दर्जाचं नव्हतं, त्यात डायएथिलीन ग्लायकोल होतं. न्या. बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने खरेदीपासून तपासणीपर्यंतची सारी सडलेली साखळी उघड केली. तो अहवाल महाराष्ट्रात गाजला. पण त्यातला एक धडा मागे पडला. वेगवेगळ्या वॉर्डांत, वेगवेगळ्या डॉक्टरांच्या हाताखाली एकेक माणसाची लघवी बंद पडते, तेव्हा तो प्रत्येक वॉर्डाला आपल्याच रुग्णाचा बिघाड वाटतो. सगळे एका नजरेखाली आले तरच कळतं की हे विष आहे. ब्राइट यांनी दोन वॉर्ड मागून घेतले होते ते यासाठीच.

हेच विष १९३७ मध्ये अमेरिकेत सल्फाच्या एका गोड औषधातून गेलं होतं आणि १०० हून अधिक माणसं, त्यात कितीतरी मुलं, मेली होती. त्यानंतर तिथे औषधांचा कडक कायदा झाला. आपल्याकडे ते पुन्हा पुन्हा आलं. २०२२ मध्ये भारतात बनलेल्या खोकल्याच्या औषधांचा संबंध गांबियातल्या मुलांच्या मृत्यूंशी जोडला गेला. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात वीसहून अधिक मुलं गेली. सर्दी-ताप, खोकल्याचं औषध, आणि मग लघवी बंद. त्यांतली कित्येक मुलं उपचारासाठी नागपूरला आणली होती. आईबापांनी मुलाला उचलून एका दवाखान्यातून दुसऱ्यात नेईपर्यंत जो वेळ गेला, त्यातला बराचसा ‘अजून झाली नाही, होईल’ या वाक्यात गेला असणार. हे लिहिताना हात थांबतो.

आता नावाकडे परत येतो, कारण नाव बदलल्यावरच वैद्यकाची नजर बदलली. होमर स्मिथ यांच्या १९५१ च्या ग्रंथातून ‘अ‍ॅक्यूट रीनल फेल्युअर’ हे नाव रूढ झालं. त्याचं मराठी झालं ‘किडनी फेल’. फेल म्हणजे निकाल लागला. त्याच्या आधीचं काही त्या शब्दात मावत नव्हतं. नेमक्या कुठल्या आकड्याला फेल म्हणायचं, यावर वैद्यकात तीसहून अधिक व्याख्या चालत. २००४ मध्ये ‘रायफल’ या नावाची एक पायऱ्यांची व्याख्या आली. २००५ मध्ये ग्लेन चर्टो आणि सहकाऱ्यांनी एका रुग्णालयातल्या जवळजवळ २०,००० रुग्णांचे आकडे तपासले. क्रिएटिनिन नुसतं अर्ध्या मिलिग्रॅमने वाढलं तरी मृत्यूची शक्यता साडेसहा पट होते असं दिसलं. ०.९ चं १.४. आपल्याकडे ‘थोडं वाढलंय, बघू’ म्हणून रिपोर्ट फाइलला लागतो, तो हाच आकडा. मग ‘फेल्युअर’ गेलं आणि ‘इंज्युरी’ आलं. मूत्रपिंडाला इजा झाली आहे, अजून सगळं संपलेलं नाही, असं सांगणारं नाव. २०१२ मध्ये ठरलेली व्याख्या अशी: क्रिएटिनिन ४८ तासांत ०.३ ने वाढलं, किंवा सात दिवसांत दीडपट झालं, किंवा सलग सहा तास लघवी दर किलो वजनामागे ताशी अर्ध्या मिलिलिटरहून कमी झाली. ६० किलोच्या माणसाला सहा तासांत १८० मिलिलिटर. पाणी प्यायच्या पेल्यापेक्षाही कमी.

लवकर तज्ज्ञ आल्याने काय फरक पडतो, हे मोजणं सोपं नाही. २००२ मध्ये रवींद्र मेहता आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातल्या अतिदक्षता विभागांतले २१५ रुग्ण तपासले. २८ टक्क्यांच्या बाबतीत किडनीच्या डॉक्टरला बोलवायला दोन दिवस किंवा जास्त उशीर झाला होता, आणि त्यांच्यात मृत्यू अधिक होते. बाकीच्या आजारांचा हिशेब घातल्यावर हा फरक बराच निवला, हेही सांगायला हवं. पण उशीर कुणाच्या बाबतीत झाला ते पाहा: ज्यांचं क्रिएटिनिन कमी चढलं होतं आणि ज्यांना थोडीफार लघवी होत होती त्यांच्या. म्हणजे ज्यांच्यात अजून काही हाताशी होतं, त्यांनाच ‘बघू’ म्हटलं गेलं. २००९ मध्ये ब्रिटनमध्ये या आजाराने रुग्णालयात दगावलेल्यांच्या फाइली तपासल्या, तेव्हा चांगले उपचार निम्म्याच लोकांना मिळालेले आढळले. जगात सर्वांत आधी या आजाराचं वर्णन करणाऱ्यांपैकी एका देशाची, बायवॉटर्स यांच्या देशाची, ही अवस्था.

आणि टेशन यांच्या ‘लवकर’चं काय झालं? २०२० मध्ये १५ देशांतल्या तीन हजार रुग्णांवरच्या ‘स्टार्ट-एकेआय’ चाचणीचा निकाल आला. तातडीने डायलिसिस सुरू केलेल्यांत ९० दिवसांत ४३.९ टक्के दगावले, थांबून ठरवलेल्यांत ४३.७. फरक शून्य. थांबलेल्यांपैकी ३८ टक्क्यांना डायलिसिस लागलंच नाही. आणि घाईने यंत्राला जोडलेल्यांत जे वाचले, त्यांच्यातले जास्त लोक तीन महिन्यांनीही डायलिसिसवर होते.

याचा अर्थ थांबा असा काढणं चूक ठरेल. त्या ‘थांबलेल्या’ रुग्णांवर चोवीस तास तज्ज्ञांची नजर होती. पोटॅशियम किती चढलं, फुप्फुसात पाणी आलं का, हे पाहणारं कुणीतरी खाटेशी होतं. लवकर यायला हवं ते यंत्र नव्हे, तो माणूस. तो आला की काय करतो? मूत्राशय भरलंय की रिकामं हे पाहतो. सोनोग्राफीत वाट अडलेली दिसली तर मोकळी करायला लावतो. वेदनाशामक बंद करतो. डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाने भारतीय उपखंडातली गिधाडं मूत्रपिंड बंद पडूनच मेली, हे २००४ मध्ये उघड झालं आणि जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. माणसाच्या सुकलेल्या शरीरात तेच इंजेक्शन आपण अजून मागून घेतो. अँटिबायोटिकची मात्रा तो बदलतो. पाणी वाढवायचं की थांबवायचं ते ठरवतो. लघवीतल्या रक्तावरून मूत्रपिंडाच्या आतलाच दाह ओळखतो, जिथे औषध या आठवड्यात दिलं तर मूत्रपिंड राहतं आणि पुढच्या महिन्यात दिलं तर जातं. आणि अनेकदा डायलिसिस नको असं तोच सांगतो.

हा माणूस प्रत्येक तालुक्याला मिळणार नाही, निदान इतक्यात नाही. पण त्याला फोन लावता येतो. त्याच्याकडे कधी पाठवायचं हे आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरला आणि नर्सताईंना ठाऊक असू शकतं. घोणस चावलेल्याचं रक्त काचेच्या कोरड्या नळीत २० मिनिटं ठेवून गोठतं का हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. गोठलं नाही तर सर्पविषावरचं प्रतिविष तिथेच सुरू करायचं आणि लघवी मोजत मोठ्या रुग्णालयाकडे निघायचं. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालून ताप आलेल्याला लेप्टोस्पायरोसिसचा विचार पहिल्या दिवशी करायचा, डोळे पिवळे होईपर्यंत थांबायचं नाही. यंत्र दूर असेल तर पोटातून करायचं डायलिसिस छोट्या रुग्णालयातही होतं. १९४६ मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी लघवी बंद पडलेला रुग्ण त्याने वाचवला होता.

घरी एवढं करा. जुलाब-उलट्या, मोठा ताप, सर्पदंश, बाळंतपण, मोठं ऑपरेशन किंवा मुलाला दिलेलं एखादं नवं औषध, यांतल्या कशानंतरही माणसाला लघवी किती होते आहे ते भांड्यात धरून मोजा आणि वेळेसकट लिहा. दिवसा सहा तास झाली नाही, अगदी थोडी झाली किंवा चहासारखी गडद झाली, तर तो कागद घेऊन दवाखान्यात जा. क्रिएटिनिन आणि पोटॅशियम त्याच दिवशी करायला सांगा. आणि नळी घातल्यावर पिशवी कोरडी राहिली, तर सकाळची वाट पाहू नका, गाडी काढा.